मातीतली मुदत ठेव

जमिनीत पुरलेली ठेव ही आमच्या बँकेच्या कुठल्याच योजनेत बसत नाही. बचत, चालू, आवर्ती, मुदत, दामदुप्पट अशा सगळ्या ठेवींचे फॉर्म मी गेली बावीस वर्षं लोकांकडून भरून घेत आलो आहे. पण ‘ठेवीचा प्रकार : खड्डा’ हा रकाना आमच्या हेडऑफिसला अजून सुचलेला नाही. आपल्या पूर्वजांना मात्र ही एकच योजना ठाऊक होती. हंडा घ्यायचा, मोहरा भरायच्या, वर एक नाग बसवायचा आणि पुढच्या सात पिढ्यांना परसात खणत ठेवायचं. फॉर्म नाही, नॉमिनी नाही, सही जुळवण्याची कटकट नाही. नागाने कधी कुणाकडे आधार कार्ड मागितल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक जुना फोटो. लॉस एंजेलिस शहरातल्या एका घराचं अंगण, फेब्रुवारी १९७८. अंगणात भला मोठा खड्डा, भोवती बघ्यांची गर्दी (खड्डा म्हटला की बघे आलेच, या बाबतीत अमेरिका आणि आपला अप्पा बळवंत चौक यांत फरक नाही), आणि खड्ड्यातून वर येतेय ती मातीने माखलेली एक बसकी, गर्द हिरवी मोटार. साधी मोटार नव्हे. इटलीची डिनो २४६ जीटीएस. फेरारीच्या कारखान्यातली. नवी घेतल्यावर जेमतेम पाचशे मैल पळालेली आणि पुढची तीन वर्षं दोन महिने जमिनीखाली मुक्कामाला असलेली.

मी स्वतः बी.कॉम. झालेला माणूस. मोटारींतलं मला कळतं ते वाहनकर्जाच्या हप्त्यांपुरतं. पण हा फोटो बघितल्यापासून त्या गाडीने माझा पिच्छा सोडलेला नाही. तिची कुंडली शोधता शोधता मी थेट इटलीतल्या मारानेल्लो गावी जाऊन पोचलो. म्हणजे वाचनातून. प्रत्यक्ष जायचं तर एलटीसीच्या नियमांत मारानेल्लो बसत नाही.

आता आधी त्या नावाची गोष्ट सांगतो, कारण नाव हाच या प्रकरणाचा जीव आहे.

एन्झो फेरारी हे गृहस्थ १८९८ सालचे. त्यांच्या वडलांचं नाव आल्फ्रेदो. थोरल्या भावाचं नावही आल्फ्रेदोच. १९१६ साली हे दोन्ही आल्फ्रेदो एकापाठोपाठ एक गेले. पुढे १९३२ साली एन्झोना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचं नाव काय ठेवलं असेल? आल्फ्रेदो! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तीच तऱ्हा. आणि आपल्याकडे जसं कागदोपत्री ‘त्र्यंबक’ आणि घरात ‘बाळ’, तसं तिकडे आल्फ्रेदोचं लाडकं रूप आल्फ्रेदिनो, आणि त्याचं आणखी लाडकं रूप डिनो. जगातल्या एका अतिशय देखण्या मोटारीचं नाव म्हणजे मुळात एका घरातलं ‘बाळ’ आहे.

हा बाळ इंजिनियरिंग शिकला, पण त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. तो अंथरुणाला खिळला. व्हित्तोरिओ यानो नावाचे नामांकित इंजिन-तज्ज्ञ त्याच्याकडे येऊन बसत आणि त्याच्या उशाशी दीड लिटरच्या, सहा सिलिंडरच्या एका नव्या इंजिनाची चर्चा चाले. मुलाचा त्या इंजिनात वाटा किती आणि बापाच्या मायेचा वाटा किती, यावर जाणकार आजही भांडतात. भांडोत. मी मात्र एन्झोंच्या आठवणींतल्या एका तपशिलापाशी अडकलो. मुलाने दिवसभरात काय खाल्लं, त्यातून किती उष्मांक पोटात गेले, तपासण्यांचे आकडे काय आले, याचा या माणसाने रोजचा तक्ता ठेवला होता. ज्याच्या नावाने शर्यतींतले लोक चळाचळा कापत, तो माणूस रात्री बसून खतावणी लिहीत होता! आणि तिचा ताळा काही जमत नव्हता. ३० जून १९५६ रोजी डिनो गेला. चोवीस वर्षांचा होता. वडील पुढे कितीतरी वर्षं रोज सकाळी त्याच्या कबरीवर जाऊन मग कामाला लागत.

आयुष्यभर खतावण्या लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून जरा पेन खाली ठेवावंसं वाटतं. असो.

त्या सहा सिलिंडरच्या इंजिनांना एन्झोंनी मुलाचं नाव दिलं. आता पुढची कथा ही शर्यतींच्या नियमांची आणि भांडवलाच्या तंगीची आहे, म्हणजे आमच्या खात्यातली. १९६७ सालापासून ‘फॉर्म्युला टू’ नावाच्या शर्यतींसाठी नियम आला, की इंजिन रस्त्यावरच्या गाडीतलं हवं आणि तसली निदान पाचशे तरी बनलेली हवीत. फेरारीच्या कारखान्यात पाचशे इंजिनं म्हणजे आमच्या शाखेत पाचशे लॉकर मागायला आलेलं एखादं कुटुंब. झेपणार कसं? मग एन्झो गेले तुरीनच्या फियाटकडे. इंजिनं फियाटने बनवावीत, त्यांच्याही गाडीत बसवावीत आणि आमच्याही. सौदा ठरला. थोड्याच वर्षांत, १९६९ साली, फियाटने फेरारी कंपनीचा निम्मा हिस्साच विकत घेतला. मोठ्या बँकेशी ‘सहकार्य करार’ करणाऱ्या छोट्या बँकेचं पुढे काय होतं, हे मी उदाहरणासहित सांगू शकलो असतो, पण मला अजून पंधरा वर्षं नोकरी करायची आहे.

हीच ती फियाट, जिची अकराशे नंबरची गाडी आपल्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून प्रसिद्धीला आली. म्हणजे हिशोबाने बघितलं, तर मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ही लॉस एंजेलिसच्या त्या डिनोची लांबची मावसबहीण लागते. एक सौंदर्यस्पर्धेत गेली, दुसरी दादर स्टेशनबाहेर उभी राहिली. टॅक्सीवाल्या बहिणीने मात्र नोकरी इमानाने केली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तोवर तिच्यात किती बाळंतिणी, किती वरमाया आणि किती सुटकेसा बसून गेल्या याची गणती नाही.

डिनोचं पहिलं मॉडेल २०६. दोन लिटर, सहा सिलिंडर, अंगावर सगळं अ‍ॅल्युमिनियम. जेमतेम दीडशे गाड्या झाल्या. १९६९ साली दुसरं मॉडेल आलं, २४६. इंजिन वाढून २.४ लिटर झालं. डिझाइन पिनिनफारिनांचं, बॉडी मोदेनाच्या स्कालिएत्तींची, आणि इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे, आडवं. १९५ अश्वशक्ती. यातल्या ‘जीटीएस’ या प्रकारात डोक्यावरचा पत्रा उचलून मागे ठेवता येई. १९७४ पर्यंत २४६ जातीच्या एकूण साडेतीन हजारांवर गाड्या बनल्या. आकडेवारी इतकीच पुरे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती नडणार आहे : खर्च आटोक्यात राहावा म्हणून २४६ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमऐवजी पोलादी पत्र्याची केली होती.

आणखी एक मजा. या गाडीवर फेरारीचा तो सुप्रसिद्ध उधळलेला घोडा कारखान्यात लावलाच जात नसे. फेरारी म्हणजे बारा सिलिंडर, असा एन्झोंचा बाणा. सहा सिलिंडरवाल्यांना त्या केडरमध्ये प्रवेश नाही. तेव्हा काम फेरारीचं, कारखाना फेरारीचा, पण पाटी ‘डिनो’. आमच्याकडेही एक हेडकॅशियर अठरा वर्षं अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून काम करत होते, पण बिल्ला क्लार्कचा. बऱ्याच डिनो-मालकांनी पुढे बाजारातून घोडे आणून आपापल्या गाडीवर डकवले. आमच्या हेडकॅशियरांनी तेवढं केलं नाही. मला विचाराल, तर त्या गाडीवर घोडा नाही तेच बरं. पिवळ्या तुकड्यावर निळ्या अक्षरांत, सही केल्यासारखं, नुसतं ‘डिनो’. सह्या बघण्यात जन्म गेलेल्या माणसाचा शब्द माना, सही झोकदार आहे.

तर अशी एक गाडी ऑक्टोबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून घेतली. (आमच्या सौ.ला ही माहिती मी मुद्दाम दिलेली नाही. तुम्हीही देऊ नका.) ७ डिसेंबरला लग्नाचा वाढदिवस, म्हणून जोडपं विल्शायर बुलेवार्डवरच्या ब्राउन डर्बी नावाच्या प्रसिद्ध हॉटेलात जेवायला गेलं. जेवून बाहेर येतात तो गाडी गायब. पोलिसांत तक्रार झाली, विम्याचा दावा झाला, आणि कंपनीने साडेबावीस हजार डॉलर मोजले. त्या वेळच्या भावाने आपले जवळपास एक लाख ऐंशी हजार रुपये. फाइल बंद.

फेब्रुवारी १९७८ मध्ये फाइल उघडली, ती कुदळीने. वर्तमानपत्रांत आलेली हकीकत अशी, की एका घराच्या अंगणात मुलं माती उकरत खेळत होती. उकरता उकरता त्यांना खाली मोटारीच्या टपासारखं काहीतरी लागलं. त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या पोलिसांच्या गाडीला हात केला. हकीकत इतकी गोड होती की जगभर छापून आली. त्यानंतर चौतीस वर्षांनी, २०१२ साली, तपासावरच्या एका अधिकाऱ्याने पत्रकाराला सांगून टाकलं, की मुलंबिलं काही नव्हती. खबर एका खबऱ्याने दिली होती, आणि त्याच्या जिवाला धोका नको म्हणून मुलांना मध्ये घातलं! खबऱ्याने सांगितलेली गोष्टही त्याने सांगितली : चोरी मालकाच्याच सांगण्यावरून झाली होती. गाडीचे तुकडे करून ते समुद्रात टाकायचे, आणि विम्याचे पैसे घ्यायचे, असा बेत होता.

पण इथे चोर फितले. पैशाला नव्हे, गाडीला. नवी कोरी हिरवी डिनो समोर उभी आणि हातात करवत! त्यांच्याच्याने काही ते होईना. कसायाच्या घरी गाय यावी आणि कसायाने तिचं नाव ‘कपिला’ ठेवावं, तसं झालं. त्यांनी ठरवलं की तूर्त पुरून ठेवू, प्रकरण थंड झालं की काढू. आणि मग त्यांनी जे केलं, ते वाचताना मला माझी आजी आठवली. उन्हाळा संपला की आजी स्वेटर आणि शाली ट्रंकेत कशा ठेवायची? आधी धोतराच्या फडक्यात गुंडाळायच्या, मग डांबरगोळ्या, मग वर्तमानपत्र, मग कुलूप. चोरांनी तस्साच प्रकार केला. गाडीवर प्लॅस्टिकचे तागे गुंडाळले. किडे-अळ्या आत शिरू नयेत म्हणून हवेच्या तोंडांत आणि भोकांत टॉवेल कोंबले. चोरीच्या मालाला टॉवेल! आमच्या परिसरातल्या एका हॉटेलात खोलीचं भाडं भरूनही टॉवेल मागून घ्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. काचा पूर्ण वर केल्या नाहीत.

झालं. माती, पाणी आणि अमेरिकन गांडुळं आत जायला तेवढी फट पुरली. वर काढल्यावर पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांनी ‘गाडी आश्चर्यकारकरीत्या चांगल्या स्थितीत’ वगैरे लिहिलं. वर्तमानपत्रं आमच्या बँकेच्या ताळेबंदाबद्दलही पहिल्या दिवशी असंच लिहितात. विमा कंपनीने गाडी गोदामात नेऊन लिलावासाठी ठेवली, तेव्हा बघायला झुंबड उडाली आणि बघ्यांनी जाताना आठवण म्हणून एकेक सुटा भाग नेला. तीन वर्षांत गांडुळांनी जे केलं नाही, ते शौकिनांनी काही दिवसांत केलं. शेवटी एका तरुण मेकॅनिकने काही हजार डॉलरांत ती विकत घेतली आणि बंद इंजिनाचं कुलूप उघडायला बसला.

आता इथे मला जरा थांबून गाडी ‘ठेवण्या’बद्दल बोलायचं आहे, कारण या विषयाचा अभ्यास मी घरच्या घरी केलेला आहे. माझ्या काकांकडे एक पद्मिनी आहे. १९८४ची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. गेली अकरा वर्षं ती त्यांच्या वाड्याच्या बोळात हिरव्या ताडपत्रीखाली उभी आहे. दर दसऱ्याला ताडपत्री निघते, हार चढतो, बॉनेटवर स्वस्तिक निघतं, काका स्टिअरिंगमागे बसून दोनदा हॉर्न दाबतात (तो वाजत नाही, काका तोंडाने वाजवतात) आणि ताडपत्री पुन्हा चढते. “गाडी जपावी लागते,” काका म्हणतात. “रस्त्यावर काढली की खराब होते.”

एकदा मी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने ताडपत्री उचलली, आत हात घातला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

“साहेब, ही ताडपत्री कुणी घातली?”

“काकांनी. पावसापासून जपायला.”

“पावसाने भिजली असती तर वाळली तरी असती,” मिस्त्री म्हणाला. “ताडपत्रीखाली रात्री दव धरतं. दिवसा ते वर जायला जागा नाही. अकरा वर्षं गाडी वाफाऱ्यात बसलीय.”

लॉस एंजेलिसच्या चोरांना हा मिस्त्री भेटायला हवा होता. लोखंडाला गंजायला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि हवा. प्लॅस्टिकने गुंडाळलेल्या गाडीत ओल कोंडली जाते, आणि उघड्या काचांमधून नवी येत राहते. डिनो २०६ असती तर निदान वरच्या कातडीने अ‍ॅल्युमिनियमपणामुळे तग धरला असता. २४६ पोलादी पत्र्याची. शिवाय तिचा सांगाडा नळ्यानळ्यांचा. नळी बाहेरून गंजते ते दिसतं, आतून गंजते ते टोचून बघावं लागतं. रंगाखाली फोड येतात, फोडावर बोट दाबलं की बोट आरपार.

इंजिनाचं दुखणं वेगळं. इंजिन कुठेही थांबवा, त्याच्या काही झडपा उघड्याच राहतात. त्या वाटेने दमट हवा सिलिंडरात उतरते आणि पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटून बसतात. अशा गाडीला उत्साहाने धक्का मारला, की उरलंसुरलं मोडतं. जाणकार मिस्त्री प्लग काढतो, त्या भोकांतून तेल ओततो आणि घरी जातो. दोन दिवसांनी येतो, पुन्हा ओततो, पुन्हा जातो. मग कधीतरी पाना लावून हाताने, अगदी जात्याचा खुंटा फिरवावा तसं, इंजिन तसूभर हलवून बघतो. हललं तर देव पावला. न हललं तर सगळं उलगडा. टाकीतल्या पेट्रोलचा तोवर डिंक झालेला असतो. तो कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो, आणि डिनोला एक नव्हे, तीन वेबर कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन नरडी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून खातं. रबर तडकतं, टायर एका बाजूला चपटे होतात, वायरींचं आवरण उंदीर खातात. नुसतं उभं राहण्याने गाडीची इतकी हानी होते, हे मला मिस्त्रीने काकांच्या पद्मिनीवर एकेक ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवलं.

मग त्याने खर्चाचा आकडा सांगितला. काकांनी तो ऐकून घेतला आणि शांतपणे विचारलं, “आणि हॉर्नचे वेगळे किती?”

तिकडे कॅलिफोर्नियात ही सगळी कर्मकहाणी झाली. तरुण मेकॅनिकने गाडी चालती केली. पुढे ती दुसऱ्या एका शौकिनाकडे गेली आणि एका इटालियन कारागिराच्या हातून तिचं नीट पुनरुज्जीवन झालं. तोच हिरवा रंग, तीच सही. आणि नंबरप्लेट? तिकडे हौसेची अक्षरं घेता येतात. मालकाने घेतली : ‘डग अप’. म्हणजे ‘खणून काढलेली’. आपल्याकडे ‘आईचा आशीर्वाद’ लिहितात, त्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे.

आता शंकेखोर माणूस विचारेल, की इतका पत्रा बदलला, इतकं रबर बदललं, रंग नवा, चामडं नवं, तर ती तीच गाडी कशी? या प्रश्नावर मोटारशौकिनांत जी भांडणं होतात, ती बघता आमच्या युनियनच्या निवडणुका भजनी मंडळासारख्या वाटाव्यात. फेरारी कंपनीने स्वतः एक खातंच काढलेलं आहे. ते जुन्या गाडीचा चासी नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स हे सगळं कारखान्याच्या जुन्या दप्तराशी ताडून बघतं आणि जुळलं तर दाखला देतं. म्हणजे काय, नमुन्याची सही! खातेदाराचे केस गेले, दात गेले, फोटो ओळखू येईनासा झाला, तरी सही जुळली की पैसे द्यायचे. हे मला पटतं. आईची जुनी गोधडी घ्या. दर दोन वर्षांनी तिला नवं ठिगळ लागतं. मूळच्या लुगड्याचा एक तुकडा मधे कुठेतरी शिल्लक असतो. पण घरात कुणी तिला ‘नवी गोधडी’ म्हणत नाही, आणि थंडीत तीच ओढून घेण्यावरून भांडणं होतात.

याउलट पंथही आहे. २०१४ साली पश्चिम फ्रान्समध्ये एका गेलेल्या वाहतूक-व्यावसायिकाच्या जागेत साठेक जुन्या मोटारी सापडल्या. बायों नाव त्यांचं. एके काळी त्यांना मोटारींचं संग्रहालय काढायचं होतं, धंदा बुडाला, काही गाड्या विकल्या गेल्या आणि उरलेल्या तशाच राहिल्या. त्यांत १९६१ची एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर निघाली, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली. आलाँ देलाँ हा नट पूर्वी तिच्यात बसून फोटोत आलेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला आणि ही गाडी १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरोंना गेली. कशी? धुळीसकट! धूळ पुसायची नाही असं ठरलं होतं. धूळ अस्सल होती म्हणे.

हे वाचल्यावर मी आमच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन आलो. १९७१ पासूनची व्हाउचरं, गठ्ठे, वर चार बोटं अस्सल धूळ. शिपायाला म्हटलं, “हात लावू नकोस.” तो म्हणाला, “साहेब, मी कधी लावलाय?”

पण माझं मत विचाराल, तर मी खणून काढलेल्या हिरव्या गाडीच्या बाजूचा. पॅरिसच्या गाडीचं मोल झालं, ते बरंच झालं. पण तिच्या धुळीकडे बघताना एखाद्या श्रीमंत माणसाच्या अस्थिकलशासारखं वाटतं. डिनोची गोष्ट निराळी आहे. एका बापाने गेलेल्या मुलाचं नाव पत्र्यावर लिहून रस्त्यावर सोडलं होतं, पळत राहावं म्हणून. त्यांतलं एक नाव कुणीतरी नेऊन पुन्हा मातीत घातलं. ते वर निघालं, धुतलं गेलं आणि परत रस्त्याला लागलं. मुलगा गेल्यावर बत्तीस वर्षं काढून एन्झो १४ ऑगस्ट १९८८ रोजी वारले, तेव्हा ती गाडी खड्ड्यातून वर येऊन दहा वर्षं झाली होती.

आज चांगल्या अवस्थेतल्या २४६ जीटीएसची किंमत लाखांच्या घरात आहे. डॉलरच्या लाखांच्या. साडेबावीस हजारांवर गेल्या पन्नास वर्षांचं चक्रवाढ व्याज मी एका दुपारी, काउंटरवर गर्दी नसताना, काढून बघितलं. साडेसहा टक्क्यांच्या आसपास दर पडतो. वाईट नाही, पण यात दुरुस्तीचा खर्च धरलेला नाही, आणि टॉवेलांचा तर नाहीच नाही.

ही सगळी हकीकत मी परवा काकांना सांगितली. डिनो, तिचे वडील, चोर, टॉवेल, सगळं. काका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, लागला डोळा. इतक्यात ते म्हणाले, “काचा उघड्या ठेवल्या म्हणतोस?”

“हो ना. चार बोटं.”

“गाढव लेकाचे,” असं म्हणून काका उठले, चपला घातल्या आणि बोळात गेले. मी मागोमाग. त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली, मागल्या बाजूने आत हात घातला आणि मागच्या दाराची काच वर करायला हँडल फिरवलं. कट्ट असा आवाज झाला. काकांनी हात बाहेर काढला. हातात अख्खं हँडल होतं.

त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

“हे जरा तुमच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतोस?” काका म्हणाले. “ओरिजिनल आहे.”